पचडीतला कोबी, डब्यातला अननस

आत्या टायफॉइडमधून उठली तेव्हा भेटायला आलेल्या कुणीतरी पाकातल्या अननसाचा डबा आणला. आत्या खूश झाली. "फळ आहे, अंगात ताकद येईल," म्हणत तिने चार चकत्या खाल्ल्या आणि वाटीत उरलेला पाकही पिऊन टाकला. ताटातल्या कोबीच्या पचडीला मात्र तिने हात लावला नाही. आजारी माणसाला द्यायचं म्हणून कोबी कुणाच्या मनातही येत नाही. त्याच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

नुसतं 'क' जीवनसत्त्व बघा. 100 ग्रॅम कच्च्या कोबीत ते सुमारे 36 मिलिग्रॅम असतं. ताज्या अननसात त्याहूनही जास्त, 47च्या आसपास. पण दाट पाकातल्या डबाबंद अननसात जेमतेम 7.4 उरतं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज आपल्याकडे 65 मिलिग्रॅम धरतात. तेवढं मिळवायला 180 ग्रॅम कच्चा कोबी पुरतो. डब्यातून मिळवायचं तर पावणेनऊशे ग्रॅम खावं लागेल आणि त्यासोबत जवळपास दीडशे ग्रॅम साखर पोटात जाईल. तंतूही कोबीतच जास्त: अडीच ग्रॅम, तर डब्यातल्या अननसात एक ग्रॅमसुद्धा नाही.

अननसाची ही गत होते ती तापवण्यामुळे. डबा टिकावा म्हणून तो सीलबंद करून जंतू मरेपर्यंत तापवतात, आणि 'क' जीवनसत्त्व उष्णतेला व हवेला फार नाजूक. शिवाय ते पाण्यात विरघळतं, म्हणून फोडींतून निघून पाकात उतरतं. उलट पाकातली साखर फोडींत शिरते. पाक ओतून दिला तर साखर कमी होते खरी, पण त्याबरोबर थोडं जीवनसत्त्वही जातं.

उष्णतेने आणखी एक गोष्ट संपते, ती म्हणजे ब्रोमेलिन. प्रथिनं तोडणारं हे विकर ताज्या अननसात असतं; जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते त्यात त्याचाही हात असतो. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर जेली धरतच नाही, दुधात घालून ठेवला तर दूध कडवट होतं. डब्यातला घातला तर यातलं काहीच होत नाही. म्हणून केक-पेस्ट्रीवाल्यांना डबाच सोयीचा.

डब्यात काहीच उरत नाही असं मात्र नाही. मँगनीज हे खनिज. ते उष्णतेने नष्ट होत नाही, आणि त्या बाबतीत डबाबंद अननस कोबीच्या कितीतरी पुढे आहे. साखरेच्या पाकाऐवजी फळाच्याच रसात भरलेला डबा मिळाला तर तो केव्हाही बरा.

कोबीचं मोल दर्यावर्दींनी फार आधी ओळखलं होतं. 1768 साली कॅप्टन कुक सफरीवर निघाला तेव्हा स्कर्व्ही टाळण्यासाठी त्याच्या जहाजावर आंबवलेल्या कोबीचा मोठा साठा होता. हा रोग 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

अर्थात कोबीही आपल्या हातून वाया जातो. भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकलं की जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. चिरल्यावरही कापलेल्या पेशींतलं एक विकर त्याचा नाश सुरू करतं. म्हणून पचडीचा कोबी जेवायला बसायच्या जरा आधीच चिरावा आणि लगेच लिंबू पिळावं. आंबटपणामुळे ते विकर मंदावतं, शिवाय लिंबाचं स्वतःचं 'क' जीवनसत्त्व पडतं ते वेगळंच. आत्याला आता तशीच पचडी देतो, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि दाण्याचं कूट घालून.