खर्च की कर्ज? शेवटच्या रांगेत ऐकू येणारा वर्ग

गेल्या महिन्यात एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाची नवी इमारत पाहायला गेलो होतो. पहिल्या मजल्यावरचे वर्ग भरू लागलेत, दुसऱ्या मजल्याचं काम अजून चालू आहे. दर्शनी बाजूला काच, गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, पुट्टी मारून पांढऱ्याशुभ्र केलेल्या भिंती, आणि उतरत्या पायऱ्यांवर घोड्याच्या नालेसारख्या मांडलेल्या ९० खुर्च्या. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. एका कारखान्याच्या ताळेबंदावर चर्चा रंगली होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी तावातावाने बोलत होती आणि मला काही केल्या कळेना, की ती ‘खर्च’ म्हणतेय की ‘कर्ज’. शेजारच्या मुलाला विचारलं, तर त्यालाही नक्की सांगता येईना. ज्या वर्गात ताळेबंद शिकवायचा, तिथे या दोन शब्दांत घोळ होत असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

तास संपल्यावर मला अभिमानाने सांगण्यात आलं, की पुढच्या महिन्यात मोठे स्पीकर बसणार आहेत, मग प्रश्न सुटेल. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय, की त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. स्पीकरने आवाज वाढतो, पण त्याबरोबर घुमणाराही तितकाच वाढतो. खोली किती वेळ घुमते हे आपण किती जोरात बोलतो यावर ठरत नाही. ते खोलीचं आकारमान आणि तिच्या पृष्ठभागांवर ठरतं.

शाळेत आपण प्रतिध्वनी आणि निनाद शिकलेलो असतो. प्रतिध्वनी म्हणजे वेगळा ऐकू येणारा परतीचा आवाज. निनाद म्हणजे असे शेकडो परतीचे आवाज एकमेकांत मिसळून तयार झालेलं शेपूट. ‘खर्च’ आणि ‘कर्ज’ यांत मधला ‘अर्’ तोच आहे. फरक आहे तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या व्यंजनात. स्वर दणकट असतात, व्यंजनं त्यांच्यापुढे दहा-पंधरा डेसिबलनी दबकी आणि क्षणभराची. स्वराचं शेपूट विरायच्या आत ‘च’ किंवा ‘ज’ आला, तर तो त्या शेपटाखाली गाडला जातो.

हे शेपूट मोजायचं कसं, याची गोष्ट सुरू होते हार्वर्ड विद्यापीठात, १८९५ साली. तिथे फॉग कलासंग्रहालयाची इमारत नवी बांधली होती. तिच्यातल्या व्याख्यानाच्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. नवंकोरं दालन निरुपयोगी ठरलं. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम सोपवलं भौतिकशास्त्राच्या वॉलेस साबिन या २७ वर्षांच्या तरुण प्राध्यापकावर. साबिन यांच्याकडे साधनं होती तीन: ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदणारं घड्याळ आणि स्वतःचे कान. रस्त्यावरची वर्दळ थांबली की रात्री काम सुरू व्हायचं. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणायच्या, दालनात मांडायच्या, नळी वाजवून बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ टिपायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीची निरीक्षणं बाद केली आणि त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला तोच ठरावीक पोशाख घातला. या माणसाबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं निम्मं कारण हा पोशाख आहे.

गाद्यांची तुलना करायला एक माप हवं होतं. साबिन यांनी निवडलं उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती शंभर टक्के शोषते. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक माप. १८९८ साली त्यांना या आकड्यांमागचं सूत्र दिसलं, आणि ते शाळेच्या वहीत मावेल इतकं लहान आहे:

निनादाचा काळ = ०.१६१ × खोलीचं आकारमान ÷ एकूण शोषण

काळ सेकंदांत, आकारमान घनमीटरमध्ये, शोषण चौरस मीटरमध्ये. निनादाचा काळ म्हणजे आवाजाची तीव्रता दहा लाखांश व्हायला, अर्थात ६० डेसिबलनी उतरायला लागणारा वेळ.

हा ०.१६१ आला कुठून? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. १४ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ४ मीटर उंच असा वर्ग घ्या. आकारमान ६७२ घनमीटर, आणि जमीन, छत, भिंती मिळून पृष्ठभाग ५४४ चौरस मीटर. आवाज अशा खोलीत सगळ्या दिशांनी धावतो आणि एका धडकेपासून पुढच्या धडकेपर्यंत सरासरी ‘चार गुणिले आकारमान भागिले पृष्ठभाग’ इतकं अंतर कापतो. इथे ते सुमारे ५ मीटर भरतं. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणजे सेकंदात सुमारे ७० धडका. गुळगुळीत प्लास्टर, फरशी आणि काच दर धडकेला जेमतेम ३ टक्के ऊर्जा खातात. दर वेळी ३ टक्के गमावत दहा लाखांशावर यायला सुमारे ४६० धडका लागतात. ४६० भागिले ७०, म्हणजे ६.६ सेकंद. हीच आकडेमोड अक्षरांनी मांडली, की दहा लाखाचा नैसर्गिक लॉगॅरिदम १३.८, त्याला चारने गुणून आवाजाच्या वेगाने भागलं की उरतो ०.१६१. (हे सूत्र जास्त शोषणाच्या खोलीत थोडं चुकतं. सगळा आवाज गिळणाऱ्या खोलीतही ते शून्य उत्तर देत नाही. ती दुरुस्ती कार्ल आयरिंग यांनी १९३० मध्ये केली. आपल्याला साबिन पुरेत.)

आता माणसं बसवू. एक बसलेला माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण करतो. रिकाम्या वर्गाचं शोषण ५४४ च्या ३ टक्के, म्हणजे १६. ९० विद्यार्थी भरले की ते ५७ वर जातं. सूत्रातला वरचा आकडा ०.१६१ × ६७२, म्हणजे १०८; त्याला ५७ ने भागलं की निनाद १.९ सेकंदांवर येतो. निम्मा वर्ग गैरहजर असेल तर तो ३ सेकंद होतो. आपण सेकंदाला साधारण पाच अक्षरं बोलतो. ३ सेकंद निनादाच्या वर्गात एका अक्षराच्या वेळात, म्हणजे ०.२ सेकंदात, शेपूट फक्त ४ डेसिबलनी उतरतं. व्यंजन स्वरापेक्षा दहा-पंधरा डेसिबलनी दबकं. खर्च आणि कर्जाचा घोळ तिथेच होतो.

छताला चांगल्या प्रतीच्या ध्वनिशोषक फरशा लावल्या, ज्या ७० टक्के आवाज शोषतात, तर भरल्या वर्गाचा निनाद ०.६४ सेकंदांवर येतो. त्याच ०.२ सेकंदांत शेपूट १९ डेसिबलनी खाली. व्यंजन मोकळं होतं.

मग सगळीकडे शोषक ठोकले की झालं? नाही, आणि व्यवस्थापनाच्या वर्गाची खरी मेख इथे आहे. हार्वर्डची व्यवस्थापन शाळा १९०८ सालची. प्रत्यक्ष उद्योगातल्या एखाद्या प्रसंगावर वर्गाने वाद घालायचा, ही तिची पद्धत. १९५३ साली तिथे ऑल्ड्रिच हॉल उभा राहिला, तो याच पद्धतीसाठी नालेच्या आकारात पायऱ्या मांडलेल्या वर्गांचा. हार्वर्डच्याच सहकार्याने १९६१ साली अहमदाबादची आयआयएम सुरू झाली आणि ती पद्धत आपल्याकडे आली. तिथली विटांची इमारत वास्तुरचनाकार लुई कान यांची, आणि त्यांना या कामासाठी आणण्यात मोठा वाटा पुण्यात जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांचा. अशा वर्गात बोलणारा एक आणि ऐकणारे बाकीचे, असं नसतं. कोपऱ्यातल्या मुलाचं समोरच्या कोपऱ्यातल्या मुलीला ऐकू गेलं पाहिजे, तेही माइकशिवाय.

साधं बोलणं एका मीटरवर सुमारे ६० डेसिबल असतं. मोकळ्या मैदानात १२ मीटरवर ते ३८ उरतं. पूर्ण शोषलेली खोली म्हणजे असं मैदानच. तेव्हा काही परावर्तन हवंच, फक्त लवकरचं हवं. तोंडातून थेट आलेल्या आवाजामागून ५० मिलिसेकंदांच्या आत पोचलेला परतीचा आवाज आपला मेंदू मूळ आवाजातच जमा करतो. त्या वेळात आवाज सुमारे १७ मीटर जातो. छताच्या मधल्या भागावरून उडी मारून येणारा आवाज यात सहज बसतो. मागच्या भिंतीवरून परत पुढे जाणारा मात्र २६ मीटर फिरून ७५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि भिंत वक्र असेल तर अंतर्गोल आरशासारखा शिक्षकाच्या कानावर गोळा होतो. म्हणून छताचा मधला एक तृतीयांश भाग जिप्समचा टणकच ठेवायचा आणि तिथून वाचलेला शोषक मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर न्यायचा. ६० चौरस मीटर भिंत झाकली की एकूण शोषण होतं तेवढंच राहतं, निनादही ०.६४ च्या आसपास. बदल होतो तो एवढाच, की आता कोपऱ्यातला आवाज समोरच्या कोपऱ्यात पोचतो.

मी पाहिलेल्या त्या नव्या इमारतीच्या फाइलमध्ये वास्तुशास्त्राच्या सल्लागाराचं टिपण होतं: दार कुठल्या दिशेला, विभागप्रमुखांचं तोंड कुठे. ध्वनीवर एक ओळही नव्हती. ईशान्येचा आणि ऐकू येण्याचा काहीही संबंध नाही, आणि जनतेच्या पैशातून बांधलेल्या इमारतीत त्या टिपणाला जागा असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उपायही तितकाच पोकळ. पातळ पुठ्ठा उंच पट्टीचा थोडा आवाज खातो, बोलण्याच्या खालच्या पट्टीला तो भिंतीइतकाच गुळगुळीत.

हे सगळं कॉलम उभे राहण्याआधी ठरायला हवं, याचं कारण एसी. शाळांसाठीच्या अमेरिकी मानकाप्रमाणे नेहमीच्या मापाच्या रिकाम्या वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा. एसीच्या नळकांड्यातल्या, म्हणजे डक्टमधल्या, हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा आवाज १५ ते १८ डेसिबलनी चढतो. शांत हवा म्हणजे संथ हवा, संथ हवा म्हणजे रुंद डक्ट, आणि रुंद डक्टला छताच्या वर जागा लागते. मजल्याची उंची एकदा ठरली की ती जागा नंतर काढता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या, अगदी त्याच मापाच्या रिकाम्या वर्गात साइटवरच्या तरुण अभियंत्याला घेऊन मी फुगा फोडला आणि मोबाइलवर आवाज नोंदवला. हिशेब ६.६ सेकंद सांगत होता, आलेख दाखवत होता जेमतेम ४. तो म्हणाला, “सर, सूत्र चुकलं.” मग त्याची नजर भिंतीकडे गेली. खिडक्यांना अजून काचा बसल्या नव्हत्या. त्याने टेप काढला, चौकटी मोजल्या, १२ चौरस मीटर भरल्या. नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याने १६ मध्ये १२ मिळवले, १०८ ला २८ ने भागलं आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या: ३.९.