जुन्या गाडीचा मीटर मंद का दिसतो? डॅशबोर्डच्या उजेडाची पार्श्वभूमी

रात्री जुनी फियाट चालवताना वेग किती आहे हे काटा बघून कमी आणि अंदाजाने जास्त कळते. 'त्या काळी उजेड असाच असायचा' असे म्हणून हल्ली बरेच जण मीटरचे जुने बल्ब काढून थेट पांढरे एलईडी बसवतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा उजेड सौम्य जरूर होता, पण इतका मेलेला नव्हता. सौम्य ठेवण्यामागे विचार होता. मंदावणे ही पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची करणी.

मुंबईत हा विषय जिव्हाळ्याचा आहे, कारण इथली बरीचशी जुनी वाहने इथेच तयार झालेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ, मग फियाट आणि १९७०च्या दशकात पद्मिनी बाहेर पडली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या हौसेने जपलेल्या खासगी गाड्या. त्यांचे मालक चोरबाजार आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांत एकेक होल्डर शोधत फिरतात, म्हणून मीटरच्या उजेडाचा प्रश्न त्यांना साधा वाटत नाही.

मोटारीत वीज रुळली ती १९१२च्या सुमारास, कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिल्यावर. त्याआधी पुढचे दिवे ॲसिटिलीनचे असत आणि अंधारात डायल वाचायची सोय जवळपास नव्हती. विजेनंतर फळीच्या वर आडोसा केलेला एक छोटा दिवा आला आणि त्याचा उजेड सगळ्या डायलांवर वरून पडू लागला. त्याच सुमारास विमानांच्या, लष्करी वाहनांच्या आणि काही मोटारींच्या डायलांवर रेडियमचा रंग लावला जाई. त्यातले झिंक सल्फाइड काही वर्षांत थकते आणि अंक चमकेनासे होतात, पण किरणोत्सर्गी रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे. म्हणून फार जुनी डायल उघडून तिच्यावरचा पिवळट रंग खरवडण्याच्या फंदात कोणीही पडू नये. चमक गेली म्हणजे धोका गेला असे होत नाही.

पुढे दिवा डायलच्या मागे, डब्याच्या आत गेला आणि आपल्या ओळखीचा मीटर तयार झाला. ब्रिटिश गाड्यांतल्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरमध्ये २.२ वॅटचा चिमुकला आट्याचा बल्ब असे. त्याचा प्रकाश हिरवट काचेतून जाई, डब्याच्या आतल्या पांढऱ्या रंगावर आपटे आणि डायलच्या कडेने वळून अंकांवर पसरे. बल्ब थेट दिसतच नसे. हिरवा रंग निवडण्यालाही कारण होते: आपला डोळा हिरव्या छटेला सर्वांत संवेदनशील असतो, त्यामुळे थोड्या उजेडात भागते. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो आणि समोरचा भगभगीत मीटर तो सराव क्षणात मोडतो. दिवे नसलेल्या घाटात तेव्हाच्या मिणमिणत्या हेडलाइटवर गाडी हाकणाऱ्यासाठी हा जिवाचा प्रश्न होता. उजेड कमी-जास्त करायला रिओस्टॅटची गोल कळ दिली जाई, तीही याच कारणाने. पुढे बीएमडब्ल्यूने १९७०च्या दशकात नारिंगी प्रकाश निवडला, त्यामागेही रात्रीच्या नजरेचाच विचार होता. क्रायस्लरने तर १९६०मध्ये बल्ब वगळून डायलच उजळणारे इलेक्ट्रोल्युमिनेसंट मीटर आणले. दिसायला अप्रतिम, पण त्यांना बॅटरीच्या विजेपासून उच्च दाबाचा एसी (उलटसुलट वाहणारा) प्रवाह तयार करणारे वेगळे यंत्र लागे.

मग मंदावले काय? तापलेल्या तारेतून उडालेले टंगस्टन बल्बच्या काचेला आतून काळे करते. डब्यातला पांढरा रंग पिवळा पडतो, सुटतो. सर्वांत मोठा चोर मात्र 'अर्थ', म्हणजे बल्बमधली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत होल्डरचे पत्रे आणि अर्थचे स्क्रू गंजतात आणि तिथे व्होल्टेज अडते. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घसरले की उजेड तीस टक्के जातो. निव्वळ होल्डर घासून, डब्याला आतून ताजा पांढरा रंग देऊन आणि नवा बल्ब घालून बघा. आपल्या गाडीचा मीटर असा दिसतो हे अनेकांना पहिल्यांदाच कळते.

एलईडीचा इतिहास या मीटरांना समांतर चालला. निक होलोनियाक यांनी लाल एलईडी १९६२मध्ये दाखवला, पण तेजस्वी निळा यायला १९९३ उजाडले आणि त्यानंतरच पांढरा शक्य झाला. बाजारातले बहुतेक पांढरे एलईडी निळ्याकडे झुकलेले असतात. हा फरक मुंबईने मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे: २०१५मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे पिवळा उजेड परतला. मीटरमध्येही तेच घडते. हिरव्या काचेमागे थंड पांढरा एलईडी लावला की मूळ छटा हरवते. शिवाय तारेचा बल्ब चहूकडे उजळतो, एलईडी बहुधा समोरच. मग मध्ये झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार. घ्यायचाच तर कडेनेही प्रकाश टाकणारा, उबदार छटेचा घ्यावा.

विजेचे काही पेच जुन्या रचनेतूनच आले आहेत. रिओस्टॅट कित्येक वॅटच्या बल्बांसाठी बनवलेला, त्यामुळे एलईडीवर त्याचा परिणाम जवळपास होत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला असे. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, म्हणून तिथे साधा एलईडी उलटा बसून पेटतच नाही. १९५०च्या दशकाच्या मध्याआधीच्या अमेरिकन गाड्या तर बहुधा सहा व्होल्टच्या. दोन्ही इंडिकेटरसाठी मीटरवर एकच दिवा असेल, तर त्यातून वीज दोन्ही दिशांनी वाहते आणि साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकतो.

२०२१च्या व्हिंटेज वाहनांच्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. मीटरच्या बल्बचा त्याच्याशी संबंध नाही. तरी होल्डर कापू नये, जुने बल्ब डबीत जपून ठेवावेत. अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नये. त्या बल्बमधून जाणारी वीजच अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीला जागे करते, आणि तिथे एलईडी बसवला तर बॅटरी चार्ज न होण्याची पाळी येते.