लॅगची रांग आपल्याच दारात

तुम्ही पळत भिंतीआड गेलात. स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय की गेलात. आणि पाव सेकंदाने तुमचा खेळाडू त्याच भिंतीआड आडवा पडलेला. समोरच्याच्या नावाने शिव्या हासडून होतात, 'चीटर आहे' असा निवाडाही होतो. पण बहुतेक वेळा तो बिचारा खरंच खेळत असतो. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावरच होतात. त्याने गोळी झाडली. सर्व्हरने घड्याळ थोडं मागे फिरवून पाहिलं की त्या क्षणी त्याला तुम्ही कुठे दिसत होतात, आणि निकाल त्याच्या बाजूने दिला. नेमबाजीच्या बहुतेक ऑनलाइन गेममध्ये ही सोय मुद्दाम केलेली असते. ती नसती तर प्रत्येकाला शत्रूच्या पुढे अंदाजाने नेम धरावा लागला असता. दोघांच्या स्क्रीनमधलं हे अंतर म्हणजे लॅग. ते वाढलं की सर्व्हरला घड्याळ जास्त मागे न्यावं लागतं आणि भिंतीआडचे मृत्यूही वाढतात.

अशा दोन-चार मृत्यूंनंतर माणूस दोन गोष्टी करतो. आधी नेटचा प्लॅन वाढवतो, आणि त्याने फरक पडला नाही की सहा-आठ अँटेना उगारलेला, लाल-निळे दिवे लावलेला गेमिंग राउटर शोधू लागतो. पहिला उपाय बहुतेकदा वाया जातो. दुसरा कधी लागू पडतो, कधी नाही, आणि तो लागू पडतो तेव्हा कारण खोक्यावर छापलेलं नसतं.

आधी स्पीडचं पाहू. गेम चालू असताना तुमच्याकडून सर्व्हरकडे जाते ती माहिती फारच थोडी: कुठे उभा आहे, कुठे बघतोय, कोणतं बटण दाबलं. ती छोट्या-छोट्या पुडक्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. सेकंदाला ६४ पॅकेटं आणि प्रत्येक पॅकेट १५० बाइटचं धरलं तर हिशेब साधारण ७७ किलोबिटवर येतो. १०० मेगाबिटच्या लाइनचा हा हजारावा भागसुद्धा नाही. सर्व्हरकडून येणारी माहिती याहून जास्त असते, पण तीही लाइनला जड नाही. लाइन ३०० मेगाबिटची केली म्हणून पॅकेट तिप्पट वेगाने धावत नाही. गेमला हवं असतं ते पॅकेटचं वेळेवर पोचणं, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच वेळात पोचणं.

हा वेळ मोजायचं हत्यार जुनं आहे. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरने एक छोटा प्रोग्राम लिहिला: पलीकडच्या संगणकाला हाक मारायची आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते छापायचं. पाणबुडीच्या सोनारमधून ऐकू येणाऱ्या आवाजावरून त्याने नाव दिलं 'पिंग'. गेमच्या कोपऱ्यात दिसणारा पिंगचा आकडा तोच, जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद.

या आकड्यात एक भाग असा आहे की तिथे कोणाचंच काही चालत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, निर्वात पोकळीतल्या वेगाच्या दोन-तृतीयांश. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच. ५,००० किलोमीटरवर असेल तर ५०. शिवाय केबल कधी सरळ रेषेत टाकलेली नसते. भूस्थिर उपग्रहावरून नेट असेल तर पॅकेट ३५,७८६ किलोमीटर वर जातं आणि तितकंच खाली येतं, उत्तरालाही तोच फेरा. अर्धा सेकंद तिथेच गेला. याला कोणताही राउटर औषध नाही.

पण दुपारी घरी कोणी नसताना पिंग ३० आणि रात्री सगळे घरी आले की ३००, असं होत असेल, तर सर्व्हर काही संध्याकाळी लांब गेलेला नसतो. मधे कुठेतरी रांग लागलेली असते, आणि ती बऱ्याचदा आपल्याच दारात असते.

हे दहा मिनिटांत तपासता येतं. शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावर कमांडची काळी खिडकी उघडायची आणि बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला सतत पिंग लावून ठेवायचा. आकडे उतरत राहतात: २८, २९, २८, ३०. आता फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात करायची आणि खिडकीकडे बघत बसायचं. २९, ३१, १४०, ३९०, ६१०. अपलोड थांबवला की दोनेक सेकंदांत पुन्हा २८. ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांनी जरूर करून पाहावं. वर्षानुवर्षं 'आज नेटच खराब आहे' म्हणून सोडून दिलेली गोष्ट डोळ्यांसमोर चालू-बंद करता येते.

घडतं ते असं. घरातलं वायफाय बाहेरच्या लाइनपेक्षा वेगवान असतं. फोन राउटरकडे भराभर पॅकेटं ढकलतो, बाहेर मात्र ती हळू जातात. उरलेली पॅकेटं मोडेमच्या (बाहेरची लाइन ज्या खोक्यात येते त्याच्या) किंवा राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, वाट पाहत थांबतात. समजा अपलोड १० मेगाबिटचा आहे आणि बफर फक्त १ मेगाबाइटचा. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागणार. तुमच्या गेमचं १५० बाइटचं इवलंसं पॅकेट या रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. हरवत नाही, मोडत नाही, पाऊण सेकंदाने निघतं. तोवर तुम्ही मेलेले असता.

मग बफर एवढा मोठा ठेवतात कशाला? मेमरी स्वस्त झाली, आणि पॅकेट गाळणं हा दोष अशी समजूत होती, म्हणून. प्रत्यक्षात अधूनमधून पॅकेट गळणं इंटरनेटला आवश्यकच आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीमध्ये चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग कोंडीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर घसरला होता. नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काढलेला उपाय १९८८ मध्ये मांडला, तो थोडक्यात असा: पाठवणाऱ्याने वेग वाढवत जावं आणि पॅकेट गळालं की समजावं, पुढे गर्दी आहे, आणि हात आवरावा. गळती हाच निरोप. बफर अवाढव्य केला की गळती होतच नाही, निरोप जात नाही, आणि पाठवणारा खुशाल ढकलत राहतो. २०१० मध्ये जिम गेटिस या अमेरिकन प्रोग्रामरना घरून मोठ्या फायली पाठवताना नेट असंच तुंबलेलं दिसलं. त्यांनी खोदकाम केलं आणि या रोगाला 'बफरब्लोट' हे नाव मिळालं. मराठीत बफरला आलेली सूज म्हणू.

औषधही त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ मध्ये दिलं. त्याचं नाव कोडेल. रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते पाहायचं. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर पॅकेट गाळायला सुरुवात करायची, म्हणजे निरोप जातो. नंतर 'एफक्यू-कोडेल'मध्ये यात भर पडली: प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, आणि ज्याची पॅकेटं विरळ येतात त्याला आधी सोडायचं. व्हिडिओचा लोंढा आपल्या रांगेत, गेमचं पॅकेट दुसऱ्या रिकाम्या रांगेत. ते येतं आणि जवळपास तसंच पुढे निघतं. याचाच पुढचा अवतार 'केक', २०१८ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात आला.

मला यातली गंमत वाटते ती ही की गेमिंगसाठीच्या या सगळ्यात उपयोगी सोयीला गेम म्हणजे काय हे ठाऊकच नाही. तिला कळतं एवढंच की हा प्रवाह बारीक आहे, याला अडवू नये. व्हिडिओ कॉलवर बसलेल्यालाही तीच कृपा मिळते.

गेमिंग राउटरमध्ये यातलं काय असतं? नाव असतं क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कोणाला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय), आणि आत काहीही असू शकतं. काहींत फक्त 'या यंत्राला आधी सोडा' अशी यादी असते. तीही चालते, पण एका अटीवर. रांग राउटरच्या ताब्यात हवी. राउटरने लाइनच्या पूर्ण वेगाने माल सोडला तर रांग पुढे मोडेममध्ये लागते, आणि तिथे तुमच्या यादीला कोण विचारतो? म्हणून लाइनच्या प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी लागते. स्पीड टेस्टचा आकडा मिरवणाऱ्यांना हे जिवावर येतं. दहा टक्के स्पीड आपणहून सोडायचा! पण रांग आपल्या दाराच्या आत ठेवायची किंमत तेवढीच आहे. डाउनलोडच्या बाजूला काम जरा अवघड जातं, कारण ती रांग नेट देणाऱ्या कंपनीच्या टोकाला लागते. तिथेही राउटर येणारी पॅकेटं मुद्दाम गाळून पाठवणाऱ्यांना आवरायला लावू शकतो. फक्त या सगळ्याला राउटरच्या प्रोसेसरची ताकद लागते. गिगाबिटच्या लाइनवर साधा राउटर हे करता करता धापा टाकतो, आणि महागड्या राउटरमधल्या तगड्या प्रोसेसरचा खरा उपयोग इथे होतो, दिव्यांचा नव्हे.

दुसरी रांग हवेत लागते. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी कान देऊन थांबायचं, शांत झालं की आणखी थोडा यादृच्छिक वेळ थांबायचं, मग बोलायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात शेजारच्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि साधारण त्याच पट्ट्यात गुरगुरणारा मायक्रोवेव्ह. इथे सरासरी पिंगपेक्षा त्यातली उडी, म्हणजे जिटर, जास्त जाचते. पिंग कायम ६० असेल तर गेम तेवढं सांभाळून घेतो. तो २० ते १२० मध्ये उड्या मारू लागला की समोरचा खेळाडू जागच्या जागी टुणटुणताना दिसतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, वायफाय ६ मध्ये एकाच खेपेत अनेक यंत्रांना वाटा देता येतो, तरी हवा ती हवाच. काही लॅपटॉप तर गेम चालू असतानाही अधूनमधून आजूबाजूची नेटवर्कं चाचपत बसतात आणि दर थोड्या वेळाने एक झटका देतात. केबलला यातलं काहीच नसतं. गेमिंग राउटर घेऊन त्याला वायफायने जोडून खेळणाऱ्याला माझा एवढाच सल्ला असतो की आधी केबल ओढ, मग बोलू.

'गेमसाठी खास मार्ग' असा दावाही असतो. एकदा पॅकेट घराबाहेर पडलं की राउटरचं राज्य संपतं. त्याने लावलेली 'तातडीचं' ही खूण पुढचे राउटर बहुतेकदा पाहत नाहीत किंवा पुसून टाकतात. मध्यस्थ सर्व्हरवरून वळवून नेणाऱ्या सेवांचा फायदा तेव्हाच, जेव्हा कंपनीचा नेहमीचा मार्ग उगाच लांबचा वळसा घेत असतो. नाहीतर तो एक जादा थांबा.

तेव्हा पाकीट काढण्याआधी पिंग लावून बघा. राउटरलाच लावलेला पिंग (त्याचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो) केबलवर १ आणि वायफायवर मधेच ८० दाखवत असेल, तर दुखणं हवेत आहे. राउटरचा आकडा स्थिर आणि बाहेरचा फक्त अपलोड-डाउनलोडच्या वेळी फुगत असेल, तर रांगेचं व्यवस्थापन करणारा राउटर हवा. तो गेमिंगचाच असायला हवा असं नाही. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची फुकट प्रणाली चढत असेल तर त्यातली एसक्यूएम ही सोय हेच काम फुकटात करते. आणि घरात कोणीही काही वापरत नसताना, केबलवरसुद्धा पिंग १८०वरच बसलेला असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व्हरचा विभाग बदलून पाहा.

रांगेचंच दुखणं असेल तर मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवून पुन्हा तीच काळी खिडकी उघडायची आणि फोनवरून तोच व्हिडिओ चढवायला लावायचा. २८, ३१, २९, ३३, ३०. व्हिडिओला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. फोनवाल्याच्या ते लक्षातही येत नाही.