धूम्रपान सोडणे

विडी, सिगारेट, चिलीम किंवा हुक्का ओढणे कायमचे बंद करणे. बोलण्यात याला दोन क्रियापदे आहेत. 'सिगारेट सोडली' असे पहिल्याच दिवशी म्हणता येते; 'सुटली' म्हणायला निदान वर्ष जावे लागते.

सोडल्याने नेमके काय पदरात पडते, याचा सर्वांत भरवशाचा हिशेब ब्रिटिश डॉक्टरांच्या आयुष्यांवरून मांडला गेला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ मध्ये तिथल्या डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. पुढे पन्नास वर्षे कोण कधी आणि कशाने गेले, याची नोंद ठेवली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सिगारेट ओढत राहिलेले डॉक्टर कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांची त्यातली सुमारे तीन वर्षे वाचली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे जवळजवळ काहीच गेले नाही. 'आता या वयात सोडून काय मिळणार?' असे विचारणाऱ्या साठीच्या गृहस्थांना तीन वर्षे हे उत्तर आहे. खुद्द डॉल सिगारेट ओढत. फुप्फुसाच्या कर्करोगावरील आधीच्या पाहणीचे आकडे दिसू लागले तेव्हा त्यांनी ती सोडली.

शरीर सगळीकडे एकाच वेगाने सावरत नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो. कर्करोगाचे काम सावकाशीचे. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्मा व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, आणि दीर्घकाळ ओढलेल्या माणसाचा धोका कधीच न ओढणाऱ्याइतका सहसा खाली येत नाही, कारण धुराने पेशींच्या डीएनएत केलेले बदल पुसले जात नाहीत. तरी २०२० साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगळेच दिसले. सिगारेट सोडलेल्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरात जवळजवळ निरोगी पेशींचे प्रमाण ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते. बिघाडातून बचावलेल्या मूठभर पेशींनी धूर थांबल्यावर अस्तर पुन्हा भरून काढले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. तपासलेली माणसे अवघी १६, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

नुसते कमी करून फारसे साधत नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो.

निकोटीन रक्तात सुमारे दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे तलफ घड्याळ लावल्यासारखी येते. चिडचिड, अस्वस्थता हे सारे पहिल्या आठवड्यात जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच. ती टळली की टळली. टपरीवर ते अवघड जाते, कारण एका हातात कटिंग असला की दुसरा हात आपोआप सुट्ट्या सिगारेटकडे वळतो. चहाची आणखी एक गंमत आहे. धुरामुळे यकृत कॅफीनचा निकाल लवकर लावते. सिगारेट थांबली की नेहमीचाच चहा जास्त चढतो, छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस त्याचा दोष सिगारेट नसण्याला देतो. अशा वेळी चहा निम्म्यावर आणलेला बरा.

कोणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी शंभरात तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. समुपदेशन आणि औषधाने हे प्रमाण वाढते. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. निकोटीनचे च्युइंगम दुकानात मिळते, पण ते बबलगमसारखे चघळत बसले तर निकोटीन पोटात जाऊन उचक्या लागतात. थोडे चावून गालात दाबून ठेवायचे असते. भारतात तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे.

महाराष्ट्रात यात एक वेगळीच पळवाट आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इथले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू, मशेरी, गुटखा यांसारखे धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे विडी सोडणाऱ्याच्या आजूबाजूला तंबाखू-चुना मळणारे हात भरपूर. 'निदान धूर तरी नाही' म्हणून चिमूट गालात ठेवली की निकोटीन चालूच राहते आणि कर्करोगाचा धोका तोंडाकडे सरकतो. त्यामुळे सिगारेट सुटल्याचे सांगणाऱ्याला डॉक्टर आधी तोंड उघडायला लावतात.