सोन्याच्या कणांजवळ डायची चमक का जाते?

आम्ही सोन्याचे नॅनोकण विकतो. ऱ्होडामिनसारखा डाय म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा रंग. आम्हाला वारंवार येणारी तक्रार एकच : "तुमचं सोनं घातलं आणि ऱ्होडामिनची चमक गेली, बॅच खराब आहे का?" बहुतेक वेळा बॅच ठीक असते. डाय थेट धातूला चिकटलेला असतो.

ऱ्होडामिन ६जी धनभारित, सिट्रेट लावलेले सोन्याचे कण ऋणभारित. एकत्र करताच डाय कणावर जाऊन बसतो. धातूपासून साधारण ५ नॅनोमीटरच्या आत प्रकाशाने उत्तेजित झालेल्या डायच्या रेणूची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच धातूत शिरते आणि उष्णता होऊन संपते. यालाच क्वेंचिंग म्हणतात. २० नॅनोमीटरचा कण प्रकाश शोषतो फार, विखुरतो थोडा. क्वेंचिंगच्या चाचण्यांना तो उत्तम, पण चमक वाढवायला तो मागवू नका. त्यासाठी ८० नॅनोमीटरच्या आसपासचा कण, मध्ये ५ ते १५ नॅनोमीटरचा सिलिकाचा थर, आणि प्लास्मॉन शिखराच्या (कण ज्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देतो तिच्या) किंचित लाल, म्हणजे लांब तरंगलांबीच्या, बाजूला चमकणारा डाय घ्या. डायही मुळात मंद हवा. ऱ्होडामिन ६जीची क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत चमक होऊन बाहेर पडतात ते प्रमाण) इथेनॉलमध्ये आधीच ०.९५ च्या जवळ आहे, तिथे वाढायला जागाच उरत नाही.

बाटली परत पाठवण्याआधी क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक नळी) पांढऱ्या कागदासमोर धरा. लाल रंग जांभळा-निळा झाला असेल तर कण गुठळले आहेत; पीबीएस या खाऱ्या बफरमधलं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं) मीठ किंवा डायचं जादा प्रमाण, दोन्हींमुळे हे होतं. रंग लालच असेल तर द्रावण इतकं पातळ करा की उत्तेजनाच्या आणि उत्सर्जनाच्या तरंगलांबीला शोषण ०.१ च्या खाली येईल. २० नॅनोमीटरचं सोनं ५२० ते ५२५ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश गिळतं, आणि ती घट क्वेंचिंगच्या खात्यावर जमा होते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ७००० जी वर (गुरुत्वाच्या ७००० पट) ३० मिनिटं फिरवून वरचं द्रव मोजा. त्यात डाय नसेल तर तो कणांवरच आहे. सिलिकाचा थर दिलेल्या कणांची चूक नेमकी उलटी होते : नीट न धुतल्याने सुटा राहिलेला डायच चमकतो आणि वाढ मिळाल्यासारखी वाटते. किमान ३ वेळा धुवा.

सिलिकाचे कण आम्ही इथेनॉलमध्येच पाठवतो. पाण्यात, विशेषतः अल्कधर्मी बफरमध्ये, थर हळूहळू विरघळतो, म्हणून पाण्यातल्या बाटलीची मागणी आम्ही घेत नाही. कोणतीही बाटली ४ अंशांवर ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलेलं सोनं तळाशी काळं बसतं आणि हलवूनही परत येत नाही.

थराची जाडी ठरत नसेल तर ५, १० आणि २० नॅनोमीटरच्या तीन छोट्या बाटल्यांचा नमुनासंच मागवा. मोठ्या ऑर्डरआधी तोच स्वस्त पडतो. मागवताना डायचं नाव आणि बफर जरूर कळवा.