एमी पुरस्कार : स्थानिक सोहळ्यापासून ओटीटीपर्यंत

१४ सप्टेंबर २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये सत्त्याहत्तरावा प्राइमटाइम एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या कार्यक्रमांच्या पुरस्कारांचा, सोहळा झाला. सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिका ठरली 'द पिट', विनोदी मालिका 'द स्टुडिओ' आणि मोजक्या भागांच्या मालिकांमध्ये 'अ‍ॅडोलेसन्स'. पहिली एचबीओ मॅक्सची, दुसरी अ‍ॅपलची, तिसरी नेटफ्लिक्सची, म्हणजे तिन्ही ओटीटीवरच्या. सोहळा मात्र दाखवला सीबीएसने, म्हणजे अँटेना लावला की फुकट दिसणाऱ्या जुन्या वाहिनीने. ज्या वाहिन्यांच्या जिवावर हा पुरस्कार मोठा झाला त्या आता मांडव घालतात आणि मानाचा नारळ भलतेच घेऊन जातात. ही वेळ एका रात्रीत आलेली नाही. एमीच्या इतिहासात नव्या प्रकारच्या टीव्हीला आधी दाराबाहेर ठेवलं गेलं, मग आत घेतलं गेलं आणि थोड्याच काळात त्यानेच घर व्यापलं, असं पुन्हा पुन्हा घडलं आहे.

सुरुवात अगदी साधी होती. १९४६ साली सिड कॅसिड या पत्रकाराने लॉस एंजेलिसमध्ये टीव्हीवाल्यांची अकॅडमी काढायचं ठरवलं. तेव्हा हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंच्या लेखी टीव्ही म्हणजे पोरखेळ होता. संस्थेला वजन यावं म्हणून अध्यक्षपदी एडगर बर्गन यांना आणलं. बर्गन हे शब्दभ्रमकार. चार्ली मॅकार्थी नावाचा त्यांचा बाहुला इतका लोकप्रिय होता की त्यांचा कार्यक्रम रेडिओवर वर्षानुवर्षं चालला. ओठ हलतात की नाही हे जिथे दिसतच नाही तिथेही लोकांनी बाहुल्यावर जीव लावला. अर्धवटरावांवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाला याचं नवल वाटणार नाही.

पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये झाला. तिकीट पाच डॉलर. पुरस्कार सहा, आणि तेही फक्त लॉस एंजेलिस परिसरात तयार होऊन तिथेच दिसणाऱ्या कार्यक्रमांना. प्रक्षेपणही एका स्थानिक वाहिनीने केलं. इतिहासातला पहिला एमी मिळाला शर्ली डिन्सडेल या तरुणीला, आणि तीही शब्दभ्रमकारच. ज्युडी स्प्लिंटर्स ही तिची बाहुली. सहांपैकी एक पुरस्कार लुई मॅकमॅनस यांना, खुद्द पुरस्काराची मूर्ती घडवल्याबद्दल. मॅकमॅनस टीव्ही क्षेत्रातले इंजिनिअर. समितीने सत्तेचाळीस आराखडे नाकारल्यावर त्यांचा पसंत पडला. पंख पसरलेली स्त्री, तिच्या हातात अणूची आकृती. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. मूर्तीसाठी त्यांनी पत्नी डोरोथीला समोर उभं केलं होतं. नाव आलं कॅमेऱ्यातल्या 'इमेज ऑर्थिकॉन' या नळीवरून. तंत्रज्ञ तिला 'इमी' म्हणत, त्याचं एमी झालं. तंत्रज्ञांचा इतका थेट ठसा असलेला दुसरा मोठा पुरस्कार मनोरंजनाच्या जगात मला तरी आठवत नाही.

पहिली काही वर्षं हा सगळा मामला स्थानिकच राहिला, कारण अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारं थेट प्रक्षेपणच तेव्हा नव्हतं. ती सोय सप्टेंबर १९५१ मध्ये झाली. त्यानंतरच्या सोहळ्यात, १९५२ साली, देशभरचे कार्यक्रम विचारात घेतले गेले. सोहळा स्वतः देशभर दिसला तो ७ मार्च १९५५ ला, एनबीसीवर.

इथेच पहिलं मोठं भांडण लागलं. त्या काळचं बरंचसं महत्त्वाचं काम न्यूयॉर्कमध्ये चालायचं. थेट सादर होणारी नाटकं, बातम्या, मोठे मनोरंजनाचे कार्यक्रम, सगळं तिकडे. मग देशाचा टीव्ही पुरस्कार एका शहराच्या क्लबने का द्यावा, असा न्यूयॉर्कवाल्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता. टीव्हीवरचे प्रसिद्ध सूत्रसंचालक एड सलिव्हन यांनी तिथल्या मंडळींना एकत्र केलं, त्यातून दोन्ही किनाऱ्यांची मिळून राष्ट्रीय अकॅडमी उभी राहिली. संसार काही सुखाचा झाला नाही. १९७७ मध्ये वाटण्या झाल्या. लॉस एंजेलिसकडे संध्याकाळच्या मुख्य वेळेतले कार्यक्रम गेले, न्यूयॉर्ककडे दुपारच्या मालिका, बातम्या आणि क्रीडा. परदेशी कार्यक्रमांसाठी न्यूयॉर्कमध्येच तिसरी, आंतरराष्ट्रीय अकॅडमी आधीपासून होती. तिचे पुरस्कार १९७३ पासून दिले जातात.

ही वाटणी आपल्याकडच्या बातम्या वाचताना ध्यानात ठेवायला हवी. 'भारताला एमी' असा मथळा येतो तेव्हा तो बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय एमी असतो. २०२० साली 'दिल्ली क्राइम' सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिका ठरली ती तिथे. २०२३ मध्ये वीर दास यांना विनोदासाठी 'डेरी गर्ल्स'बरोबर विभागून पुरस्कार मिळाला आणि एकता कपूर यांचा विशेष सन्मान झाला, तोही तिथेच. २०१९ मध्ये पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांना अभिनेत्री म्हणून तिथे नामांकन होतं, आणि मुंबईच्या गुन्हेगारी जगावरची 'सेक्रेड गेम्स' त्याच वर्षी नाट्यमय मालिकांच्या यादीत होती. यामुळे या यशाला कमीपणा येत नाही, कारण तिथे जगभरातल्या कामाशी गाठ असते. पण लॉस एंजेलिसच्या सप्टेंबरातल्या सोहळ्याशी त्याची गल्लत करू नये.

दुपारच्या एमीची सर्वांत गाजलेली गोष्ट सुझन लुची यांची. 'ऑल माय चिल्ड्रन' ही रोज चालणारी मालिका, त्यातली एरिका केन ही भूमिका त्या १९७० पासून करत होत्या. १९७८ मध्ये पहिलं नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. पुढे नामांकनं येत गेली आणि दर वेळी त्या रिकाम्या हाताने परतल्या, एकूण अठरा वेळा. त्यांचं हरणं हा देशभर विनोदाचा विषय झाला होता. २१ मे १९९९ ला एकोणिसाव्या नामांकनाचं पाकीट फुटलं. नाव पुकारणाऱ्या शेमार मूर यांनी आधी पराभवाची मालिका संपल्याचं जाहीर केलं आणि मग नाव घेतलं. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या काही मिनिटं थांबेनात, सहकलाकार रडत होते. वर्षाचे शेकडो भाग, रोज नवी संहिता, रिहर्सलला फुरसत नाही. डेली सोपमधला नट काय ओझं वाहतो हे आपल्याकडच्या मालिकांत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या टाळ्या या राबण्याला होत्या, असं मी मानते.

एमीने सगळ्यांत चांगलं काम केलं ते माझ्या मते मरायला टेकलेल्या मालिकांना श्वास देण्याचं. जानेवारी १९७१ मध्ये सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. वंशद्वेष, युद्ध, स्त्रियांचे हक्क यांवर घरातल्या जेवणाच्या टेबलावर होणारी भांडणं तिने विनोदी मालिकेत आणली. सुरुवातीला प्रेक्षक बेताचाच होता. मे महिन्यात तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा आणि आई झालेल्या जीन स्टेपल्टन यांना अभिनयाचा एमी मिळाला. उन्हाळ्यातल्या पुनःप्रक्षेपणांना लोकांनी गर्दी केली आणि पुढची सलग पाच वर्षं ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. दहा वर्षांनी 'हिल स्ट्रीट ब्लूज' या पोलिसी मालिकेचं तेच. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती तळाकडे होती, तरी १९८१ मध्ये आठ एमी घेऊन गेली आणि एकूण सात सीझन चालली. एका भागात अनेक कथानकं गुंफायची, ती पुढच्या भागांत ओढत न्यायची ही तिची रीत आजच्या वेब सीरिजनी उचलली आहे. 'चीअर्स'चीही पहिल्या वर्षी अशीच दैना होती, तिलाही १९८३ च्या एमीने हात दिला.

दुसरीकडे तेच ते विजेते हा जुना आजार आहे. 'फ्रेझर' आणि 'मॉडर्न फॅमिली' या दोन्ही विनोदी मालिकांनी प्रत्येकी सलग पाच वर्षं पुरस्कार नेला. 'वीप'साठी ज्युलिया लुई-ड्रेफस सलग सहा वेळा जिंकल्या. यावर एकच देखणं उत्तर आठवतं. 'मर्फी ब्राउन'साठी पाच वेळा जिंकल्यावर कँडिस बर्गन यांनी पुढे आपलं नाव विचारात घेऊ नका असं कळवलं. या कँडिस म्हणजे अकॅडमीचे पहिले अध्यक्ष एडगर बर्गन यांच्याच कन्या.

कृष्णवर्णीय कलाकारांच्या बाबतीत मात्र उशीर हा शब्दही अपुरा आहे. गायक हॅरी बेलाफॉन्टे यांनी १९६० मध्ये कृष्णवर्णीय कलाकाराला मिळालेला पहिला एमी मिळवला, पण नाट्यमय मालिकेतली मुख्य अभिनेत्री म्हणून कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव पुकारलं जायला २०१५ साल उजाडलं. तो पुरस्कार घेताना व्हायोला डेव्हिस यांनी त्या मंचावर सांगितलं की संधी हाच काय तो फरक आहे, जी भूमिका लिहिलीच जात नाही तिच्यासाठी पुरस्कार कसा मिळणार? पुरस्कारांवरच्या चर्चेत मूळ दुखण्यावर इतकं नेमकं बोट क्वचितच ठेवलं गेलं असेल.

केबलची कथा न्यूयॉर्कच्या कथेसारखीच. एचबीओ १९७२ पासून होती, पण केबलवरचे कार्यक्रम एमीला चालत नसत. मग केबलवाल्यांनी आपले वेगळे पुरस्कार काढले. १९८८ मध्ये एमीचं दार उघडलं, आणि काही वर्षांनी त्या वेगळ्या पुरस्कारांची गरजच संपली. २००१ मध्ये 'सेक्स अँड द सिटी' विनोदी विभागात आणि २००४ मध्ये 'द सोप्रानोज' नाट्यमय विभागात जिंकली. जाहिरातदाराला काय रुचेल याचा धाक नाही, सेन्सॉरचा बडगा नाही, वर्षाला बावीसऐवजी तेरा भाग. या मोकळिकीशी जुन्या वाहिन्यांना बरोबरी करणं जमलं नाही. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'हाउस ऑफ कार्ड्स'ने पहिले मोठे एमी मिळवले, २०१७ मध्ये हुलू या दुसऱ्या ओटीटीची 'द हँडमेड्स टेल' सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिका ठरली. केबलला जे साधायला दीड दशक लागलं ते ओटीटीने चार वर्षांत केलं. २०२४ मध्ये 'शोगुन'ने एकाच वर्षात अठरा एमी घेऊन विक्रम केला, आणि तिच्यातले बहुतेक संवाद जपानी आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याही वाहिनीने असा प्रस्ताव टेबलावर ठेवून घेतला नसता.

बाहेरच्या जगाचे धक्केही सोहळ्याने खाल्ले. १९८० मध्ये कलाकारांचा संप होता, अभिनयासाठी नामांकन असलेल्यांपैकी एकटे पॉवर्स बूथ हजर राहिले आणि जिंकले. २००१ चा सोहळा ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे पुढे गेला, मग अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू झाली त्या दिवशी पुन्हा, आणि शेवटी ४ नोव्हेंबरला झाला. २०२० मध्ये कलाकार घरूनच सहभागी झाले. २०२३ चा सोहळा लेखक आणि कलाकारांच्या संपांमुळे १५ जानेवारी २०२४ ला झाला, आणि त्याला जेमतेम ४३ लाख प्रेक्षक मिळाले. एमीच्या इतिहासातली तोवरची ती नीचांकी संख्या. १९८६ मध्ये हाच आकडा साडेतीन कोटींच्या वर होता.

एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चार वाहिन्या १९९५ पासून आळीपाळीने सोहळा दाखवतात. २०१८ मध्ये झालेला आठ वर्षांचा करार २०२६ च्या एनबीसीवरच्या सोहळ्याबरोबर पुरा होतो. हॉलिवूडच्या कलाकार संघटनेने आपले पुरस्कार २०२४ पासूनच नेटफ्लिक्सवर नेले आहेत.