दर्जाची हमी वेगळी, दर्जाची वाढ वेगळी

जानेवारीत सांगलीहून भाच्याचा फोन आला. त्याला जर्मनीतल्या तीन विद्यापीठांत मास्टर्ससाठी अर्ज करायचे होते. तिन्हींची माहिती त्याने एका एक्सेल शीटमध्ये नीट भरली होती: फी, भाषेची अट, शेवटची तारीख. एका रकान्याचं नाव होतं ‘अ‍ॅक्रेडिटेड’ (म्हणजे मान्यताप्राप्त) आणि त्यात तिन्हींसमोर ‘हो’ होतं. “मावशी, तिन्ही अ‍ॅक्रेडिटेड आहेत. मग यातलं चांगलं कुठलं हे कळणार कसं? नॅकसारखी ए-प्लस वगैरे ग्रेड कुठेच सापडत नाहीये.”

नॅक ही आपल्याकडची कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था. जर्मनीत तशी ग्रेड सापडणार नव्हतीच, कारण तिथे ती दिली जात नाही. त्या ‘हो’चा अर्थ इतकाच, की हा अभ्यासक्रम उंबरठ्याच्या आत आहे. आत आल्यावर तो बसून राहिलाय की चालतोय, हे त्या ‘हो’वरून कळत नाही. त्यासाठी दुसरंच काहीतरी वाचावं लागतं.

मी जर्मनीतल्या अशाच एका विद्यापीठाच्या गुणवत्ता विभागात काम करते. त्याआधी काही वर्षं महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघत होते. दोन्हीकडे ‘क्वालिटी’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या कामांना लावला जातो. एक काम हमी देण्याचं: मुलाने वर्षं आणि पैसे घातले तर पदवी खरी असेल, शिकवायला माणसं असतील, परीक्षा नियमाने होतील. दुसरं काम वाढवण्याचं: आज जसं शिकवतोय त्यात कुठे कमी पडतोय ते शोधायचं आणि पुढच्या वर्षी बदलायचं. या दोहोंची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात.

आधी हमीचं बघू. जून १९९९मध्ये २९ युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी इटलीतल्या बोलोन्या शहरात जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि बॅचलर-मास्टर्स ही रचना हळूहळू सगळीकडे आली. जर्मनीत तोवर डिप्लोम, मागिस्टर अशा जुन्या पदव्या होत्या. त्यांच्या जागी हजारो नवे अभ्यासक्रम उभे राहिले, आणि ते तपासायचे कोणी हा प्रश्न आला. त्यातून अ‍ॅक्रेडिटेशनची व्यवस्था घडली. विद्यापीठ स्वतःबद्दल अहवाल लिहितं. मग बायरॉइटची अ‍ॅक्विन किंवा ड्युसेलडॉर्फची आसीन यांसारखी एखादी एजन्सी तज्ज्ञांची समिती पाठवते. समितीत प्राध्यापक असतात, त्या व्यवसायात प्रत्यक्ष काम करणारं कोणीतरी असतं आणि एक विद्यार्थीही असतो. हे सगळे कागद वाचतात, शिकवणाऱ्यांशी आणि मुलांशी बोलतात, अहवाल देतात. मान्यता आठ वर्षांसाठी असते. त्रुटी असतील तर मान्यतेला अटी जोडल्या जातात. त्यांना जर्मनमध्ये ‘आउफ्लागन’ म्हणतात, आणि साधारण वर्षभरात त्या पूर्ण कराव्या लागतात.

हा निकाल किती वजनदार असतो ते एका खटल्यावरून कळतं. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या राज्याच्या कायद्याचा प्रश्न थेट घटना न्यायालयात गेला होता. फेब्रुवारी २०१६मध्ये न्यायालयाने सांगितलं की अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही हा शिकवण्याच्या स्वातंत्र्यावरचा गंभीर हस्तक्षेप आहे, त्यामुळे त्याचे मूळ नियम विधिमंडळाने स्वतः ठरवायला हवेत, ते एजन्सीवर सोडून देता येणार नाहीत. मग सगळ्या राज्यांनी मिळून करार केला. तो १ जानेवारी २०१८पासून लागू झाला. आता एजन्सी फक्त अहवाल आणि शिफारस देते, अंतिम निर्णय बॉनमधली अ‍ॅक्रेडिटेशन परिषद घेते. एखाद्याचा अभ्यासक्रम बंद पडू शकेल असा हा निर्णय आहे. तिथे कायदा लागतो, अपील लागतं, सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते.

वाढीच्या कामाला अशी एकच मोजपट्टी चालत नाही. इथे मला जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे.

युरोपात एका वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट असतात. जर्मनीत बहुतेक ठिकाणी एका क्रेडिटमागे ३० तासांची मेहनत धरतात. म्हणजे ६ क्रेडिटच्या विषयाला तास, घरचा अभ्यास आणि परीक्षेची तयारी धरून १८० तास. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत हा आकडा छापावाच लागतो. अ‍ॅक्रेडिटेशनची समिती विचारते: आकडा लिहिला आहे का, तो पटण्यासारखा आहे का, मुलांना याबद्दल विचारता का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असली की ती पुढे जाते. तिचं काम तिथे संपतं, आणि ते तिथेच संपावं.

आमच्याकडे प्रयोगशाळेच्या एका विषयाला मुलांचे प्रत्यक्षात किती तास जातात याची पाहणी आली. सरासरी १८०च्या थोडी वर होती, काळजी करावी इतकी नाही. पण खाली मोकळ्या जागेत दोन मुलांनी लिहिलं होतं की या एका विषयाने त्यांचं अख्खं सेमिस्टर खाल्लं. आम्ही उत्तरं देशांप्रमाणे वेगळी करायला गेलो तर गट फार लहान होते. कोणी काय लिहिलं ते ओळखू येईल इतक्या लहान गटाचे आकडे माहिती संरक्षणाच्या नियमामुळे काढायचेच नसतात. मग कॉफीच्या वेळी त्या वर्गातल्या मुलांना बोलावलं आणि नुसतं विचारलं. एक मुलगी नाशिकची होती, एक मुलगा कैरोचा, एक हनोईचा. तिघांनाही प्रयोग जमत होता, गणितही जमत होतं. वेळ जात होता तो प्रयोगाचा अहवाल लिहिण्यात. इथे मोजमापातली अनिश्चितता कशी मांडायची, ‘चर्चा’ या भागात काय लिहायचं, हे इथल्या मुलांना बॅचलरच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं असतं. बाहेरून आलेल्यांना ते कोणी कधी सांगितलंच नव्हतं. नाशिकच्या मुलीने तिचा पहिला अहवाल चार वेळा लिहिला होता. तिच्या जर्नलमध्ये ‘उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष’ असे चार मथळे होते, अगदी माझ्या अकरावीच्या जर्नलसारखे. ते बघून मला भरून आलं.

विषय शिकवणाऱ्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण सरासरी ठीक होती. त्यांनी पुढच्या सत्रात दोन तासांचा एक वर्ग वाढवला आणि समासात टिपा लिहिलेला एक नमुना अहवाल सर्वांना दिला. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा विचारलं. वाढीचं काम असं असतं. त्यातून प्रमाणपत्र निघत नाही, आणि हे कुठल्या कायद्यात लिहून आणताही येत नाही. वैद्यकीय शाखेत तो अडथळा वेगळा असेल, संगीताच्या शाखेत आणखी वेगळा. ज्या विद्यापीठात शंभर देशांतली मुलं शेजारी बसतात, तिथे सरासरी हा आकडा सगळ्यात जास्त लपवतो, असं माझं आता पक्कं मत झालंय.

काही देशांनी बाहेरची तपासणीच या दुसऱ्या कामाभोवती उभी केली. फिनलंडमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाची अशी सक्तीची मान्यता-प्रक्रिया नाही. तिथे ऑडिट होतं, तेही अख्ख्या विद्यापीठाचं, दर सहा वर्षांनी. २००५पासून ही ऑडिटं होताहेत आणि २०१४पासून ते काम कार्वी ही राष्ट्रीय मूल्यांकन संस्था बघते. ऑडिट या शब्दावरून आपल्याकडे हिशेबतपासनीस डोळ्यांसमोर येतो. फिनलंडचा ऑडिट गट मात्र विचारतो: तुमचं शिकवणं बरं चाललंय हे तुम्हाला स्वतःला कसं कळतं, आणि बरं चाललं नाही तर तुमच्यात कोण काय करतं? एखाद्या भागात व्यवस्था अपुरी ठरली तर पुन्हा ऑडिट होतं. म्हणजे धाक अजिबात नाही असं नाही, पण तो धाक चुका असल्याचा नाही, चुका न शोधल्याचा आहे. स्कॉटलंडनेही २००३मध्ये हाच रस्ता धरला. तिथल्या तपासणी गटात विद्यार्थी हा पूर्ण सदस्य असतो, आणि सगळी विद्यापीठं मिळून एखादा विषय घेऊन काही वर्षं त्यावर काम करतात. २००५ ते २००८ हा विषय होता ‘पहिलं वर्ष’, कारण मुलं गळतात ती तिथेच.

गोंधळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. युरोपभर लागू असलेली गुणवत्तेची मानकं २००५मध्ये नॉर्वेतल्या बर्गनला स्वीकारली गेली आणि २०१५मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला सुधारली गेली. त्यात हमी आणि वाढ हे दोन्ही हेतू शेजारी शेजारी लिहिले आहेत. जर्मनीत तर एक मधली वाटही आहे: विद्यापीठाची अंतर्गत व्यवस्थाच तपासायची, आणि ती चांगली असेल तर स्वतःच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचा अधिकार त्याच विद्यापीठाला द्यायचा. माइन्त्स विद्यापीठाला २०११मध्ये हा अधिकार देशात पहिल्यांदा मिळाला. अशा ठिकाणी एकच कचेरी, बऱ्याचदा तीच माणसं, दोन्ही कामं करतात. म्हणून एखाद्या विभागाचे प्रमुख बैठकीला येऊन बसले की आधी विचारतात, “आज ठरवायला बसलोय की बोलायला?” हा प्रश्न मला फार रास्त वाटतो. त्याचं उत्तर आम्ही आता बैठकीच्या पत्रातच लिहितो.

कारण हमी मागणाऱ्यासमोर माणूस आपलं उत्तम तेच ठेवतो, आणि ते चूक नाही. वाढीसाठी मात्र कमकुवत बाजू उघडी करावी लागते. एकाच अहवालातून दोन्ही मागितलं की दुसरी बाजू लिहिलीच जात नाही. माझ्या जुन्या कॉलेजात नॅकची तयारी चालू होती तेव्हाचं मला आठवतं. सात निकषांच्या सात रंगांच्या फायली, प्रत्येकीत पुरावे, अनुक्रमणिका. मुलांचे अभिप्राय मीच एकत्र केले होते. त्यात खेड्यांतून येणाऱ्या बऱ्याच मुलांनी एकच गोष्ट लिहिली होती: वाचनालय पाचला बंद होतं आणि आमची एसटी सातला असते. त्या दोन तासांत ती मुलं स्टँडवर बसायची. आलेख काढताना मी ते वाक्य बाजूला ठेवलं, कारण ते अहवालात शोभणार नाही असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तसं करायला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वाचनालय सात वाजेपर्यंत उघडं ठेवायला एक शिपाई पुरला असता. आम्हाला ग्रेड मिळाली, आनंदही झाला, पण ती मुलं तीन वर्षं स्टँडवरच बसली. ते मला अजून टोचतं.

आपल्याकडच्या नावांशी जुळवायचं तर नॅक संस्थेचं मूल्यांकन करते आणि एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. जर्मनीचं अभ्यासक्रमाचं अ‍ॅक्रेडिटेशन त्यातल्या त्यात एनबीएच्या जवळ जातं. रँकिंग ही तिसरीच गोष्ट आहे. त्यात संशोधनाचे उल्लेख आणि नावलौकिक यांचा वाटा मोठा असतो, आणि पहिल्या सेमिस्टरला तुमच्या मुलाला अहवाल लिहायला कोण शिकवतं हे त्यात येत नाही. ते बाजूला ठेवलं तरी चालेल.

भाच्याला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, अ‍ॅक्रेडिटेशनचा ‘हो’ बघून न थांबता अहवाल उघडायचा. युरोपातल्या नोंदणीकृत एजन्सींचे निकाल आणि अहवाल डीकर नावाच्या डेटाबेसमध्ये कोणालाही फुकट बघता येतात. त्यात आधी अटी आणि शिफारशी वाचायच्या, कौतुक नंतर. अट दिसली म्हणून घाबरायचं नाही, ती कशाबद्दल होती ते बघायचं. दुसरी, अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला एकच प्रश्न मेल करायचा: मुलांनी मागच्या वेळी कशाबद्दल तक्रार केली आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत?

“असं विचारलेलं त्यांना आवडेल का, मावशी?” तो म्हणाला. मी म्हटलं, विचारून तर बघ.

एका ठिकाणाहून मान्यतेच्या प्रमाणपत्राची पीडीएफ आली. दुसरीकडून काहीच आलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या समन्वयक बाईंनी पानभर लिहिलं होतं. दुसऱ्या सेमिस्टरच्या तीन परीक्षा एकाच आठवड्यात यायच्या, फाखशाफ्टने दोन वर्षं पाठपुरावा केला, आता त्यातली एक सुट्टीनंतर घेतात. प्रकल्पाच्या गटवाटणीबद्दलची तक्रार मात्र अजून सुटलेली नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं.

“मावशी, फाखशाफ्ट म्हणजे काय?”

विभागातल्या विद्यार्थ्यांनी निवडलेली त्यांचीच समिती, मी सांगितलं. तिचं पान त्याच संकेतस्थळावर होतं, खाली मेलचा पत्ताही होता. गटवाटणीचं नक्की काय झालंय हे त्याने त्याच रात्री त्यांना लिहून विचारलं.